इंग्लंडचे डोंगर आणि वहिवाटीचा हक्क

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी इंग्लंडच्या ग्रामीण भागातील डोंगर आणि निसर्गस्थळे यांविषयी एक पानभर लेख प्रसिद्ध झाला. लेख रसाळ आहे आणि लंडनच्या पलीकडे पाहण्याजोगे काही आहे हे आपल्या वाचकांना कोणीतरी सांगितले, याचा मला आनंदच झाला. मात्र त्यातील तीन विधाने आणि एक छायाचित्र यांबाबत खुलासा होणे आवश्यक वाटते, कारण उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे बरेच आईवडील असे लेख कात्रण करून सोबत नेतात. मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो आहे. मुलगी लीड्सला असल्यामुळे गेल्या काही वर्षांत चार उन्हाळे मी उत्तर इंग्लंडमध्ये काढले आणि गुडघ्यांनी साथ दिली तेवढे चाललो. पुढील मजकूर त्या अनुभवावर आणि जन्मभर नकाशे वाचण्याच्या सवयीवर आधारलेला आहे.

लेखात बेन नेव्हिस हे इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर म्हटले आहे. इंग्लंडमध्ये कोणत्याही रानातून व शेतातून हिंडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे असे म्हटले आहे. आणि वाटेल तेथे तंबू ठोकून रात्र काढता येते असेही म्हटले आहे. या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. लेखकाने स्कॉटलंडचे उत्पन्न इंग्लंडच्या खात्यावर जमा केले आहे. १,३४५ मीटर उंचीचा बेन नेव्हिस स्कॉटलंडमध्ये आहे, आणि जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक सर्व जमिनीवर पायी हिंडण्याची व मुक्काम करण्याची मुभा देणारा २००३ चा भूमिसुधारणा कायदाही स्कॉटलंडचाच आहे. सीमा ओलांडून दक्षिणेस आले की शिखरेही बदलतात आणि कायदाही बदलतो. आपल्याकडे 'इंग्लंड' हा शब्द साऱ्या बेटासाठी सरसकट वापरण्याची जुनी सवय आहे, तिचा हा परिणाम असावा.

इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर लेक डिस्ट्रिक्ट या वायव्येकडील डोंगर-सरोवरांच्या प्रदेशातील स्काफेल पाइक हे असून त्याची उंची ९७८ मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच असल्यामुळे हा आकडा ऐकून आपल्या ट्रेकर मंडळींना हसू येते, मलाही आले होते. पण चढ मोजायचा तो पायथ्यापासून. वॉसडेल हेड या वस्तीपासून निघाले तर आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम ऐंशी मीटरवर असतो, म्हणजे जवळजवळ नऊशे मीटर खरोखरच पायांनी चढावे लागतात, आणि माथ्याजवळचा टप्पा तर सुट्या धोंड्यांचाच आहे. खडक आपल्या सह्याद्रीप्रमाणे ज्वालामुखीतूनच आलेला, परंतु सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा पंचेचाळीस कोटी वर्षांचा आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या लेक डिस्ट्रिक्टमधील माणसांच्या स्मरणार्थ हा माथा जमीनमालकाने १९१९ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा व निसर्गस्थळे जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. शेजारच्या ग्रेट गेबलवर तेथील गिर्यारोहण क्लबने महायुद्धात पडलेल्या आपल्या सभासदांच्या नावांचा धातूचा फलक १९२४ साली बसवला आणि आजही नोव्हेंबरातील स्मृतिदिनाच्या रविवारी माणसे थंडीवाऱ्यात तेथे चढून जातात.

आता दुसरे विधान, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये मनमुराद हिंडण्याचा सरसकट हक्क नाही. २००० च्या कायद्याने डोंगरमाथे, माळराने, चुनखडीच्या टेकड्यांवरील कुरणे आणि नोंदणीकृत सार्वजनिक चराऊ जमिनी यांवर पायी फिरण्याची मोकळीक दिली खरी, पण असे क्षेत्र देशाच्या सुमारे आठ टक्केच भरते. उरलेला बहुतेक देश खासगी आहे, आणि तेथे चालणाऱ्याच्या वाट्याला येते ती एक रेषा. आपल्याकडे ज्याला वहिवाट म्हणतात तीच ही गोष्ट. इंग्लंड व वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहे. जमीन शेतकऱ्याची, गवत त्याचे, मेंढ्या त्याच्या, परंतु त्यावरून जाण्याचा हक्क लोकांचा. आणि तो जमीन विकली तरी, वारस बदलले तरी, चार पिढ्या त्या वाटेने कोणी गेले नाही तरी आपोआप बुडत नाही. उलट एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षे अडथळ्याविना, लपूनछपून नव्हे तर उघडपणे आणि कोणाची परवानगी न मागता जात राहिले, तर मालकाने ती वाट लोकांना दिली असे कायदा गृहीत धरतो. हे तत्त्व १९३२ च्या कायद्यात आले आणि आज १९८० च्या महामार्ग कायद्यात आहे.

१९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीवर, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागावर, आपल्या हद्दीतील वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली, तेव्हा गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी, वाटा पायांखाली घालून त्यांच्या याद्या केल्या. ज्याने आयुष्यभर गावनकाशे हाताळले त्याला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना आपल्या ग्रामीण वाचकांना सहज येईल. आपल्या गावनकाशातही पायवाट एकेरी तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. ऑर्डनन्स सर्व्हे या तेथील सरकारी नकाशा संस्थेच्या नारिंगी वेष्टनाच्या एक्सप्लोरर नकाशावर पायवाट हिरव्या तुटक रेषेने दाखवतात. मोजणी १:२५,००० या प्रमाणात असल्याने प्रत्येक शेताची कुंपणभिंतसुद्धा त्यात दिसते, आणि वाट भिंतीच्या अलीकडून जाते की पलीकडून हे घरी बसून कळते. मी पहिल्याच दिवशी तो नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा मुलीने ताटे स्वयंपाकघरात नेली.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यातून हा हक्क किती काटेकोर आहे ते कळेल. यॉर्कशरमध्ये एका टेकडीकडे जाताना वाट एका मोठ्या शेतात शिरली. कुंपण ओलांडण्यासाठी लाकडी पायऱ्या होत्या, खांबावर पायवाटेचा पिवळा बाण होता, आणि बाणाच्या दिशेला कंबरभर उंचीचा गहू उभा होता. वाटेची खूण नाही. मी शेतकऱ्याचा मुलगा. उभ्या पिकात पाय घालणे म्हणजे काय ते मला सांगावे लागत नाही. मी बांधाने वळसा घेऊ लागलो. तेव्हा जावयाने थांबवले आणि सांगितले की हक्क बाणाच्या रेषेवर आहे, बांधावर नाही. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरण्याची मुभा शेतकऱ्याला आहे, परंतु चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून, पायवाट असेल तर किमान एक मीटर रुंदी मोकळी ठेवून, तिची रेषा जमिनीवर स्पष्ट दिसेल अशी करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याने ते केले नसेल तर पिकातून रेषेवरून जाणारा माणूस चूक करत नाही. आम्ही एकामागे एक, ओंब्या दोन्ही हातांनी बाजूला सारत गेलो. पलीकडे पोहोचेपर्यंत मला कोणीतरी बांधावरून शिवी हासडेल असेच वाटत होते. कोणी हासडली नाही. आमच्या मागून आलेले एक वृद्ध जोडपे मात्र तितक्याच शांतपणे त्याच ओळीतून आले, आणि त्या बाईंनी जाताजाता सांगितले की त्या स्वतः आज संध्याकाळी काउंटीच्या कार्यालयाला हे कळवणार आहेत. आपल्याकडे शिवरस्ता अडवला की मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करतात. तेथे काउंटीकडे तक्रार करतात. फरक एवढाच दिसला की तेथे शेजारच्या शहरातून सहज फिरायला आलेला, त्या शिवारात गुंठाभर जमीन नसलेला माणूसही तक्रार करू शकतो आणि करतो.

हे हक्क कोणी ताटात वाढून दिलेले नाहीत. डर्बीशरमधील किंडर स्काउट हा ६३६ मीटर उंचीचा डोंगर मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन गिरणी-कारखान्यांच्या शहरांमध्ये उभा आहे. गेल्या शतकाच्या आरंभी तो ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखीव होता आणि वर्षातील मोजके दिवस शिकार चाले. बाकीचे दिवस रखवालदार लोकांना हाकलत. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, काही शे तरुण कामगार हेफील्ड गावाजवळच्या खाणीत जमले आणि बंदी मोडून डोंगरावर गेले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. रखवालदारांशी झटापट झाली, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. ती कैद विनापरवाना जमिनीवर शिरल्याबद्दल नव्हती, कारण नुसते शिरणे तेथे फौजदारी गुन्हा नव्हता. दंगलीसाठी जमाव जमवणे आणि मारहाण असे आरोप ठेवावे लागले. निष्पक्षपणासाठी हेही सांगितले पाहिजे की त्या वेळच्या मोठ्या पदभ्रमण संघटनांना हा मार्ग पसंत नव्हता, आणि हा लढा काही त्या एका दिवसात सुरू झाला नव्हता. लँकेशरमधील विंटर हिलवर बंद केलेल्या वाटेसाठी १८९६ सालीच हजारो लोक चालून गेले होते. तरीही १९४९ चा कायदा आल्यावर पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून १९५१ साली किंडर ज्यात येतो त्या पीक डिस्ट्रिक्टचीच घोषणा झाली, आणि २००२ मध्ये सत्तराव्या वर्षदिनी तेथील जमीनदार घराण्याचे त्या वेळचे प्रमुख ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी आपल्या आजोबांच्या काळातील वागणुकीबद्दल जाहीरपणे माफी मागितली.

किंडरला आम्ही रेल्वेने गेलो. मँचेस्टर–शेफील्ड मार्गावरील ईडेल या लहान स्थानकावर उतरले की त्याच गावातून पेनाइन वे ही १९६५ साली खुली झालेली, सुमारे ४३० किलोमीटरची वाट सुरू होते. वर शिखर असे नाहीच. पाचगणीच्या टेबललँडसारखा सपाट माथा आहे, परंतु पायाखाली जांभा खडक नसून पीट नावाची काळी, भिजलेल्या घोंगडीसारखी माती आहे, आणि तिच्यात पाण्याने कोरलेल्या पुरुषभर खोल नाळी आहेत. धुके आले की या नाळींत दिशा कळत नाही. माथ्याच्या पश्चिम कडेवरून सुमारे तीस मीटरचा किंडर डाउनफॉल पडतो. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचे पाणी उलट वर उडते. आमच्या सातारकरांना पाटण तालुक्यातील सडावाघापूरमुळे उलट्या धबधब्याचे अप्रूप नाही, पण तेथील पाणी अंगावर आले तेव्हा ते बर्फासारखे थंड होते, एवढा फरक नमूद करतो. पेनाइन वेवर पीटची धूप थांबवण्यासाठी ठिकठिकाणी रुंद सपाट फरशा टाकल्या आहेत. त्यांतील कित्येक फरशा बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनींतून उचलून आणलेल्या आहेत. काहींवर यंत्रे बसवण्याची भोके अजून दिसतात. मी वाकून त्यांत बोट घालून पाहिले.

आपल्या लेखात मॅलम कोव्हचा उल्लेख एका ओळीत आहे. यॉर्कशर डेल्समधील हा चुनखडीचा अर्धवर्तुळाकार कडा सुमारे ऐंशी मीटर उंच आहे, आणि हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या बर्फाचे पाणी येथून प्रचंड धबधब्याच्या रूपाने पडत असे. पुढे पाण्याने चुनखडीत भूमिगत मार्ग शोधले आणि कडा कोरडा पडला. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळाच्या पावसाने हे भूमिगत मार्ग तुडुंब भरले तेव्हा एक दिवस कड्यावरून पुन्हा पाणी पडले; गावातील जिवंत माणसांपैकी कोणी ते पूर्वी पाहिले नव्हते. कड्याच्या पायथ्यातून एक ओढा बाहेर येतो. वर दोन किलोमीटरच्या आसपास एक ओढा जमिनीत गडप होतो, म्हणून कोणालाही वाटेल की वर बुडालेला तोच खाली निघतो. तसे नाही. पाण्यात रंग टाकून केलेल्या तपासण्यांत वरचा ओढा गावाच्याही खाली एका झऱ्यातून बाहेर पडतो असे आढळले, आणि कड्याखालचे पाणी भलत्याच ठिकाणाहून येते. म्हणजे दोन प्रवाह जमिनीखाली एकमेकांना ओलांडून जातात. भूकरमापकाला जमिनीच्या पृष्ठभागावरच्या हद्दी कळतात, हे प्रकरण त्याच्या साखळीच्या बाहेरचे.

सुमारे चारशे पायऱ्या चढून कड्याच्या माथ्यावर गेले की चुनखडीची फरसबंदी लागते. मोठमोठे पांढुरके ठोकळे आणि त्यांच्यामध्ये खोल भेगा असे तिचे स्वरूप आहे. या भेगांत वारा व मेंढ्या दोन्ही पोहोचत नसल्याने नेचे आणि सावलीतली रानझाडे वाढतात. बागेतील शोभेसाठी हे दगड उपटून विकण्याचा धंदा एकेकाळी जोरात होता, त्यामुळे १९८१ च्या वन्यजीव कायद्यात अशा फरसबंदीच्या संरक्षणाची खास तरतूद करावी लागली. पावसानंतर हे ठोकळे तुळतुळीत होतात. लेखात सुचवल्याप्रमाणे सपाट सँडल घालून येथे जाऊ नये. माझ्यासमोर एक गृहस्थ भेगेत पाय अडकून पडले.

तिसरे विधान तंबूचे. इंग्लंडमध्ये मालकाच्या परवानगीवाचून तंबू लावण्याचा कायदेशीर हक्क फक्त डार्टमूरच्या सार्वजनिक चराऊ जमिनींपुरताच आहे. डेव्हन परगण्यातील हे ग्रॅनाइटच्या सुळक्यांचे पठार. तेथे त्या सुळक्यांना टॉर म्हणतात. १९८५ च्या डार्टमूर कायद्यात मोकळ्या हवेतील विरंगुळ्यासाठी पायी अथवा घोड्यावरून जाण्याचा हक्क आहे, पण विरंगुळ्यात झोपणे येते काय, असा वाद जमीनमालकांनी न्यायालयात नेला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने येत नाही असे म्हटले, त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचेच म्हणणे एकमताने कायम केले. लेक डिस्ट्रिक्टमध्ये उंच डोंगरावर उशिरा तंबू लावून पहाटे उठणाऱ्यांना बहुधा कोणी हटकत नाही, पण ती रीत झाली, हक्क नव्हे, आणि छापील लेखात या दोहोंची गल्लत होऊ नये.

छायाचित्राविषयी. उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या रोमनकालीन भिंतीजवळच्या दोन चढांमधील बेचक्यात एकटाच उभा असलेला सिकॅमोर वृक्ष लेखासोबत मोठा छापला आहे आणि 'अवश्य पाहा' असे खाली लिहिले आहे. तो वृक्ष २८ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी कोणीतरी करवतीने कापून टाकला. दोघांना त्याबद्दल दोषी ठरवून जुलै २०२५ मध्ये चार वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. बुंध्याला धुमारे फुटले आहेत, परंतु छायाचित्रातील दृश्य पाहायला म्हणून कोणी इतक्या दूर गेले तर त्यांची निराशा होईल. बेचके आहे आणि भिंतही आहे.

लंडनमध्येच मुक्काम असणाऱ्यांनी उत्तरेला जाता येत नाही म्हणून हळहळू नये. सरेमधील बॉक्स हिल आणि लीथ हिल या टेकड्या दिवसभराच्या सहलीत होतात. लीथ हिलची उंची २९४ मीटर, म्हणजे हजार फुटांना थोडी कमी. ती उणीव भरून काढण्यासाठी अठराव्या शतकात एका गृहस्थाने माथ्यावर मनोरा बांधला आणि मृत्यूनंतर स्वतःला त्याखालीच पुरून घेतले. बॉक्स हिलवर १८०० साली एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला त्याच्या इच्छेप्रमाणे डोके खाली करून पुरले, अशी तेथील प्रसिद्ध गोष्ट आहे. डोंगराबाबतचा हट्ट ही काही केवळ आपल्या दुर्गप्रेमींची मक्तेदारी नव्हे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने लिहितो. मी पहिल्या वर्षी एका सहल कंपनीच्या बसने लेक डिस्ट्रिक्ट पाहिले. विंडरमियर सरोवरावर बोट, दुकानांत तास, आणि डोंगर खिडकीतून. दुसऱ्या वर्षी तेथल्याच एका गावाच्या मागील फाटकातून, एका वेळी एकच माणूस जाईल पण गुरे जाणार नाहीत अशा त्या झुलत्या फाटकातून, दोन तास चाललो तेव्हा कोकणातील गडग्यांसारख्या, चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती डोंगराच्या पार माथ्यापर्यंत गेलेल्या दिसल्या. साठीच्या पुढच्या माणसालाही हे जमते. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास हा तेथील जुना हिशेब आहे. आपण त्यात निम्म्याने भर घालावी. वासरे असलेल्या गाईंच्या कळपाला लांबून वळसा द्यावा. जुलैतही माथ्यावर बोटे गारठतात, म्हणून लोकरीची टोपी खिशात असू द्यावी. वाट चुकलीच तर ९९९ वर पोलिसांना सांगून माउंटन रेस्क्यू मागावे; डोंगरात शोधायला येणारी ही माणसे विनामोबदला काम करणारे स्वयंसेवक असतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत.

आपण पुरवणीच्या पुढील अंकात वरील चार दुरुस्त्या चौकटीत छापाव्यात, अशी विनंती आहे. सोबत जागा असल्यास एक्सप्लोरर नकाशांचे क्रमांकही द्यावेत, कारण दुकानात नाव सांगून नकाशा लवकर मिळत नाही, क्रमांक सांगून मिळतो: किंडर स्काउटसाठी ओएल १, मॅलमसाठी ओएल २ आणि स्काफेल पाइकसाठी ओएल ६.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक,
सातारा